प्लेसमेंट एजन्सी उमेदवारासाठी नेमके काय करते?

विचारणारे गृहस्थ मेकॅनिकल डिप्लोमाधारक आहेत, मूळचे बार्शीचे, आणि चार वर्षांपासून चाकणच्या एका वाहन-सुट्या-भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात. नोकरी बदलायची म्हणून त्यांनी सहा कन्सल्टन्सींकडे सीव्ही पाठवला. दोघींचे फोन आले. त्यांपैकी एकीने मुलाखत करवली आणि त्यानंतर दोन आठवडे तिचा फोन नाही, मेसेजला उत्तर नाही. तिसरी एजन्सी २,५०० रुपये नोंदणी फी मागते आहे. चौथी ‘थर्ड पार्टी पेरोल’वर काम देऊ म्हणते. त्यांच्या खोलीतल्या मित्राला आखाती देशात पाठवणारा एक माणसही भेटला आहे. ‘एजन्सी आमच्यासाठी काम करते की नाही, आणि मुलाखत झालेल्या कंपनीत आता मी थेट अर्ज करावा का,’ असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे. पुणे परिसरातील कारखान्यांसाठी माणसे शोधण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, त्यामुळे या टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगते.

सरळ उत्तर असे की एजन्सी तुमच्यासाठी काम करत नाही. ती कंपनीसाठी काम करते, आणि त्या कामात तुमचे हित जिथवर कंपनीच्या गरजेशी जुळते तिथवर तुमचाही फायदा होतो. हे ऐकायला कडू वाटते, पण पैसा कुणाकडून कुणाकडे जातो ते पाहिले की एजन्सीचे बहुतेक वागणे आपोआप उलगडते. कायम स्वरूपाच्या नोकरीसाठी माणूस मिळवून दिल्यास कंपनी एजन्सीला वार्षिक सीटीसीच्या (म्हणजे कंपनीचा तुमच्यावर वर्षभरात होणारा एकूण खर्च) ठरावीक टक्क्यांइतके शुल्क देते. आपल्याकडे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा किंवा एका महिन्याचा पगार, हा जुना आणि रुळलेला दर आहे. अवघड किंवा वरिष्ठ जागांसाठी तो वर जातो आणि घाऊक भरतीत खाली येतो. तुमचे पॅकेज ४ लाख ८० हजारांचे ठरले तर एजन्सीचे बिल सुमारे ४० हजारांचे, अधिक १८ टक्के जीएसटी. हे बिल निघते ते तुम्ही प्रत्यक्ष रुजू झाल्यावर. मुलाखती किती करवल्या, फोन किती केले, याचे कुणी काही देत नाही. शिवाय करारात बहुधा ९० दिवसांची ‘रिप्लेसमेंट’ची अट असते: त्या मुदतीत तुम्ही नोकरी सोडली तर एजन्सीने दुसरा माणूस फुकट द्यायचा किंवा पैसे परत करायचे.

म्हणूनच रिक्रूटर, म्हणजे एजन्सीत उमेदवार शोधणारी मुलगी, फोनवर ‘आधीची नोकरी का सोडली’, ‘इथून चाकण किती लांब पडेल’, ‘घरचे काय म्हणतात’ असे प्रश्न विचारते. तुम्ही रुजू व्हाल का आणि तीन महिने टिकाल का, एवढेच तिला त्यातून चाचपायचे असते.

आता एक जागा एजन्सीत आल्यापासून पुढे कशी सरकते ते पाहा. समजा सोमवारी सकाळी एका कारखान्याच्या एचआरकडून मेल आला: क्वालिटी इंजिनिअर, अनुभव ३ ते ५ वर्षे, पीपीएपी (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया) आणि सीएमएम (भाग अचूक मोजण्याचे यंत्र) येणे आवश्यक, बजेट साडेपाच लाखांपर्यंत, नोटीस पिरियड ३० दिवसांच्या आत, ‘अर्जंट’. (अर्जंट हा शब्द आमच्या धंद्यात इतका स्वस्त झाला आहे की तो नसेल तर आम्हाला काळजी वाटते.) रिक्रूटर प्रथम स्वतःच्या जुन्या यादीत पाहते, मग नोकरीच्या पोर्टलवर शिरते आणि शोधाच्या चौकटीत शब्द टाकते: पीपीएपी, सीएमएम, इनप्रोसेस, मशिनिंग. त्याखाली ठिकाण चाकण, भोसरी, तळेगाव; पगाराची कमाल मर्यादा; आणि ‘गेल्या १५ दिवसांत सक्रिय’ अशी चाळणी लावते. तरीही काहीशे प्रोफाइल समोर येतात. त्यातला प्रत्येक सीव्ही ती वाचत बसत नाही. पहिल्या अर्ध्या पानावरून नजर फिरवते. पन्नासएक फोन केले की निम्मे उचलले जात नाहीत, काहींना पगार परवडत नाही, काहींची नोटीस ९० दिवसांची निघते. संध्याकाळपर्यंत हाती राहतात पाच-सहा जण. त्यांची नावे एका एक्सेल ट्रॅकरमध्ये भरली जातात: सध्याची कंपनी, सध्याची सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस, बदलाचे कारण. एचआर आधी हा ट्रॅकर पाहते, सीव्ही नंतर उघडते.

या प्रवासात तुमच्या हातात काय आहे, ते यातच दडलेले आहे. ‘क्वालिटी विभागात विविध जबाबदाऱ्या समर्थपणे पार पाडल्या’ असे लिहिलेला सीव्ही कोणत्याही शोधात सापडणार नाही, कारण हे शब्द कुणी शोधतच नाही. त्याऐवजी ‘ब्रेकच्या भागांच्या मशिनिंग लाइनवर इनप्रोसेस तपासणी, सीएमएमवर मोजमाप, पीपीएपीची कागदपत्रे, ग्राहकाच्या तक्रारींवर एट-डी अहवाल’ असे लिहा (एट-डी म्हणजे तक्रारीचे कारण आठ टप्प्यांत शोधून उपाय करण्याची पद्धत). मशीनचे, प्रणालीचे, सुट्या भागाचे नाव जसे तुम्ही शॉपफ्लोअरवर उच्चारता तसेच लिहा. सीव्हीचा फोटो किंवा स्कॅन पाठवू नका, त्यातला मजकूर यंत्राला वाचता येत नाही. पोर्टलवरील प्रोफाइल आठवड्याला एकदा उघडून एखादी ओळ बदलली तरी ते ‘सक्रिय’ दिसते आणि वर येते. चार महिन्यांपूर्वी भरून विसरलेले प्रोफाइल कितीही चांगले असले तरी त्या चाळणीत गळते. आणि फोन. तुमची पहिली पाळी असते, मोबाइल लॉकरमध्ये असतो, रिक्रूटरचा फोन अकरा वाजता येतो. पाळी सुटल्यावर ‘आपला फोन आला होता, आता सहानंतर बोलू शकतो’ एवढा मेसेज जे करतात ते ट्रॅकरमध्ये शिरतात, कारण ट्रॅकर बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी जातो.

ट्रॅकरमधले आकडे खरे द्या. पगार फुगवून सांगितला तर ऑफरच्या वेळी शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या जातात, पुढे पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या नोंदींवरून कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत काम केले तेही निघते, आणि तिथे अडकलेला माणूस त्या एजन्सीच्या यादीतून कायमचा जातो. मात्र अपेक्षित पगार सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. सीटीसी आणि हातात पडणारी रक्कम हे दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा आणि विचारा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी कधी बसचे आणि कॅन्टीनचे पैसेही सीटीसीत मोजलेले असतात, त्यामुळे ४ लाख ८० हजारांच्या पॅकेजमध्ये महिन्याला ४० हजार हातात येतील असा हिशेब करू नका.

पगाराच्या वाटाघाटीत एजन्सी तुमच्या बाजूने लढेल, अशी अपेक्षा अनेकांची असते. टक्केवारीवर शुल्क मिळते म्हटल्यावर पगार जितका जास्त तितका तिचा फायदा, असा तर्क त्यामागे असतो. तो अर्धवट आहे. ४ लाख ८० हजारांवर तुम्हाला १० टक्के वाढवून मिळाले तर तुमच्या वर्षात ४८ हजार वाढतात, एजन्सीच्या बिलात जेमतेम चार हजार. त्या चार हजारांसाठी ताणले आणि कंपनीने दुसरा उमेदवार घेतला तर तिचे पूर्ण ४० हजार जातात. साहजिकच तिचा कल ‘आहे ते घ्या, वर्षभराने वाढ होईलच’ असे सांगण्याकडे राहतो. एका बाबतीत मात्र ती खरोखर उपयोगी पडते: कंपनीची वरची मर्यादा तिला ठाऊक असते. ‘या जागेचे बजेट कुठपर्यंत आहे आणि मागच्या माणसाला काय मिळत होते,’ असे थेट विचारा. पुष्कळदा उत्तर मिळते, कारण बजेटबाहेरचा माणूस पुढे पाठवण्यात तिलाही रस नसतो.

दोन आठवड्यांच्या शांततेकडे येते. मुलाखतीनंतर गप्प राहणे हा असभ्यपणाच आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही, पण त्याची कारणे बहुधा तुमच्याशी संबंधित नसतात. जागा ‘होल्ड’वर गेलेली असते, आतलाच कुणी तिथे बसवला जातो, प्लांट हेड परदेशी गेलेले असतात आणि अंतिम फेरी त्यांच्याच हाती असते, किंवा एचआरने एजन्सीलाही काही कळवलेले नसते आणि ‘अजून काही कळले नाही’ हे चौथ्यांदा सांगण्याऐवजी रिक्रूटर फोनच उचलत नाही. एका रिक्रूटरच्या हाती एकाच वेळी दहा-पंधरा जागा असतात आणि तिचे महिन्याचे टार्गेट जॉइनिंगवर मोजले जाते. नकार कळवण्याचे कुणी गुण देत नाही. आणखी एक साधे कारण म्हणजे या धंद्यात मुले-मुली फार लवकर नोकरी बदलतात. तुम्हाला फोन करणारी मुलगीच एजन्सी सोडून गेलेली असू शकते. त्यामुळे रिक्रूटरबरोबर एजन्सीच्या मालकाचा किंवा टीम लीडचा नंबर पहिल्याच संभाषणात घेऊन ठेवावा. पाठपुरावा रोज करू नये. मुलाखतीनंतर चार-पाच कामाच्या दिवसांनी एकदा, कंपनीचे नाव, जागा आणि मुलाखतीची तारीख लिहून विचारावे, आणि त्यानंतर आठवड्याने एकदा. नुसते ‘मॅडम, काही अपडेट?’ असे विचारले तर तुम्ही कोण हे शोधण्यातच तिचा वेळ जातो.

सहा एजन्सींकडे सीव्ही दिलात त्यात चूक काही नाही, फक्त तो कुठे कुठे गेला याची नोंद तुमच्याकडे असायला हवी. एकाच कंपनीकडे दोन एजन्सींमार्फत तुमचे नाव गेले तर बहुतेक ठिकाणी ज्या एजन्सीचा मेल आधी आला तिचा हक्क मानला जातो आणि तो साधारण सहा महिने, कुठे वर्षभर चालतो. काही एचआर मात्र दोन एजन्सींच्या भांडणात पडायला नको म्हणून उमेदवारच बाजूला ठेवतात, आणि तुम्हाला कधी कळतही नाही. म्हणून एका वहीत तारीख, एजन्सी, कंपनी, जागा असे चार रकाने करा, आणि ‘कंपनीचे नाव सांगितल्याशिवाय व माझी संमती घेतल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नये’ असे प्रत्येक एजन्सीला लेखी कळवा. पहिल्या फोनमध्ये एजन्सी कंपनीचे नाव सांगत नाही हे मी समजू शकते, कारण नाव कळताच काही जण थेट अर्ज करतात आणि तिची मेहनत वाया जाते. पण सीव्ही पाठवण्याआधी नाव सांगायलाच हवे. त्याच वेळी विचारून घ्या की ही जागा कंपनीकडून थेट आली आहे की दुसऱ्या एजन्सीकडून. मधल्या मध्ये फिरणाऱ्या जागाही बऱ्याच असतात, आणि तिथे तुमचा सीव्ही कुठे पोहोचला हे कुणालाच सांगता येत नाही.

नोंदणी फीचे २,५०० रुपये देऊ नका. कंपनीकडून शुल्क घेणाऱ्या एजन्सीला तुमच्याकडून पैसे घेण्याचे कारण नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी एजन्सींनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये असे तत्त्व आहे, पण भारताने तो करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे त्याचा आधार इथे घेता येत नाही. प्रत्यक्षात हेल्पर, ड्रायव्हर, सुरक्षा रक्षक, घरकाम आणि रुग्णसेवा यांच्या ब्युरोंमध्ये पहिल्या पगारातला हिस्सा घेण्याची पद्धत सर्रास चालते. ती मला पटत नाही. पण ज्याला दुसरा मार्गच नाही त्याने निदान एवढे पाहावे की पैसे पहिला पगार खात्यात जमा झाल्यावर, बँकेतून आणि पावती घेऊनच द्यायचे. आधी पैसे, मग नोकरी हा क्रम जिथे आला तिथून उठावे. नोंदणी फीचे नाव बदलून येणारे भाऊबंदही ओळखून ठेवा: प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत, गणवेशाचे पैसे, पडताळणी खर्च, ‘परत मिळणारी’ सुरक्षा ठेव. नावाजलेल्या कंपनीचे बोधचिन्ह लावलेले ऑफर लेटर जीमेलच्या पत्त्यावरून आले, मुलाखत केवळ व्हॉट्सअॅपच्या चॅटवर उरकली, तर आणखी तपासत बसू नये. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. मूळ प्रमाणपत्रे, कोरे सही केलेले धनादेश आणि पीएफ खात्याचा पासवर्ड हे कोणत्याही एजन्सीला, कोणत्याही टप्प्यावर द्यायचे नसते.

थर्ड पार्टी पेरोल ही याहून वेगळी आणि पूर्णपणे वैध व्यवस्था आहे. तिच्याकडे सरसकट नाक मुरडू नये, पण ती समजून घ्यावी. इथे कागदोपत्री तुमची मालक एजन्सी असते. तुम्ही काम करता कारखान्यात, पगार देते एजन्सी, आणि कारखाना एजन्सीला तुमचा पगार, मालकाच्या वाट्याचा पीएफ व ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि वर सेवाशुल्क असे बिल दर महिन्याला चुकते करतो. म्हणजे तुम्ही जितके महिने काम कराल तितके महिने तिचे उत्पन्न, त्यामुळे इथली एजन्सी तुम्हाला एकदा लावून मोकळी होत नाही. सही करण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी अशा: कराराची मुदत किती, कारखान्याने बिल उशिरा दिले तरी पगाराची तारीख पाळली जाईल का, कारखान्याला गरज उरली नाही तर नोटीस किती दिवसांची, रजा आणि बोनस कोणाच्या नियमाने, आणि अनुभवपत्र कोणाच्या नावाने मिळणार. पगारातून मूळ वेतन व महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ कापला जात असेल तर तो खरोखर भरला जातो का, हे यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) वापरून पासबुकात दर महिन्याला पाहा. महिन्याचे वेतन २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो, त्यात तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असतात. या मर्यादेत असूनही कार्ड मिळत नसेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे. कंत्राटदाराने कामगाराचा पगार थकवला तर ती जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे. तुमच्या जागी मी असते तर कायम नोकरी हातात असताना केवळ तीन-चार हजारांच्या वाढीसाठी अकरा महिन्यांच्या पेरोलवर गेले नसते. मोठ्या कारखान्यात शिरण्याचा, नवे ग्राहक आणि नवी प्रणाली शिकण्याचा मार्ग म्हणून विचार करत असाल तर गोष्ट वेगळी.

मित्राच्या आखाती नोकरीबद्दल थोडक्यात. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावीच लागते, आणि त्याचा परवाना चालू आहे, संपला आहे की रद्द झाला आहे हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येते. अशा एजंटला उमेदवाराकडून कमाल ३० हजार रुपये सेवाशुल्क, अधिक जीएसटी, घेता येते, तेही पावती देऊन. गावातून माणसे गोळा करून मुंबईच्या परवानाधारकाकडे नेणारा ‘सब-एजंट’ या चौकटीत बसतच नाही. तुमच्या मित्राला भेटलेला माणूस नोंदणी क्रमांक सांगत नसेल, लाख-दीड लाख मागत असेल, किंवा ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ’ म्हणत असेल तर पुढे बोलणेच नको. म्यानमार आणि कंबोडियातील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत जे भारतीय तरुण अडकले, त्यांतले अनेक जण अशाच डेटा एंट्रीच्या किंवा कस्टमर केअरच्या नोकरीच्या आश्वासनावर गेले होते.

नवख्या उमेदवारांनी मात्र एजन्सीवर विसंबून राहू नये. पदविका हाती घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलासाठी कंपनी सहसा शुल्क मोजत नाही, कारण असे अर्ज तिच्या दारात आपणहून येतात. आणि ज्याच्यासाठी कंपनी पैसे देत नाही त्याच्याकडूनच पैसे काढण्याचा मोह होतो. त्यांच्यासाठी १९६१ च्या कायद्याखालची अॅप्रेंटिसशिप, केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयम ही पोर्टले, आणि कॉलेजातल्या वरच्या बॅचचे विद्यार्थी हे मार्ग अधिक उपयोगाचे आहेत. चार वर्षांचा अनुभव असलेले तुम्ही त्यांत नाही. क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूम यांतल्या तीन ते सात वर्षांच्या माणसांना एजन्सींकडे कायम मागणी असते. फक्त सहा सामान्य एजन्सींपेक्षा वाहन-उद्योगात आणि चाकण-तळेगाव पट्ट्यातच काम करणाऱ्या दोन-तीन निवडा. ‘गेल्या वर्षभरात क्वालिटीत कुठे कुठे माणसे दिलीत’ या प्रश्नाला जी एजन्सी न अडखळता उत्तर देते ती तुमच्या कामाची.

आता शेवटचा प्रश्न, मुलाखत झालेल्या कंपनीत थेट अर्ज करावा का. नको. तुमचे नाव त्या कंपनीच्या यंत्रणेत एजन्सीमार्फत नोंदले गेले आहे. थेट अर्ज केल्यास तो दुबार ठरेल, आणि एजन्सीचे शुल्क वाचवण्यासाठी एचआरशी संगनमत केल्याचा संशय तिला आला तर तुमचे आणि तिचे दोघांचे संबंध बिघडतील. त्याऐवजी एजन्सीच्या मालकाला मेल करा: अमुक तारखेला अमुक जागेसाठी मुलाखत झाली, निर्णय काय झाला ते येत्या शुक्रवारपर्यंत कळवावे, जागा बंद झाली असल्यास तसे सांगावे. या मेलला उत्तर आले नाही तर मुलाखत ज्यांनी घेतली त्या विभागप्रमुखांना एजन्सीचे नाव घालून, नवा अर्ज न करता, केवळ निर्णयाची विचारणा करणारे दोन ओळींचे पत्र पाठवायला हरकत नाही. आणि तोवर राजीनामा देऊ नका. एजन्सीने फोनवर ‘तुमचे नक्की झाले, आजच पेपर टाका’ असे सांगितले तरीसुद्धा, पगाराचा तपशील, रुजू होण्याची तारीख आणि नोटीस बायआउट (नोटिशीचे दिवस पूर्ण न करता सुटण्यासाठी द्यावी लागणारी रक्कम) कोण भरणार हे लिहिलेले ऑफर लेटर कंपनीच्या अधिकृत मेलवरून येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा द्यायचा नाही.